प्रोसेसरवरचं कुंकू

मंगळवार, दिवेलागण

आज परत तेच! पिंपळी गावच्या मुलींचे कॉलेजचे प्रवेशअर्ज भरताना कॉम्प्युटर तीनदा बंद पडला. उद्या शेवटचा दिवस. जुन्या मशीनला नवा प्रोसेसर बसवल्यापासून ही कटकट. आधी विजेला शिव्या घातल्या, मग रॅम बदलली. शेवटी मघाशी प्रोसेसरवरचा पंखा काढला, तर उष्णता ओढून घेणाऱ्या पेस्टखाली कुंकवाचा जाड टिळा! मग गरम होऊन बंद पडणारच की. बसवायच्या आधी आईनं लावला होता, माझ्यासमोर. ट्रॅक्टरलाही लावतेच, म्हणून मी तसाच बसवला. गाढव मीच.

कुंकू पुसलं, नवी पेस्ट लावली. तासभर झाला, चालू आहे.

आईनं आतून विचारलं, "चालला व्हय रं? कुंकवाचा गुण हाय त्यो."

"व्हय," म्हणालो. खोटं बोललो का? बोटं अजून लाल आहेत.