अक्काची थांबलेली गाणी

मंगळवार संध्याकाळ, मेहरूण

आज एरंडोलला अक्काकडे गेलो. तिचा कॉम्प्युटर कापडानं झाकलेला. दिवाळीत मीच हौसेनं त्यात नवी ऑपरेटिंग सिस्टीम टाकली आणि आमच्या कॉम्प्युटरवेड्यांच्या ग्रुपवर मिरवलं, "साठीची बहीणही सहज वापरते!"

अक्का म्हणाली, "मराठी अक्षरंच सापडेनात रे."

म्हणजे लग्नातली जुनी अहिराणी गाणी ऐकून ती टाइप करून ठेवायची, ते तेव्हापासून बंद. गाणी सांगणाऱ्या शेजारच्या काशीबाई गेल्या महिन्यात वारल्या.

"मला फोन का नाही केलास?"

"केला होता. तू म्हणालास, सोपं शे, शिकी ले."

सोपं आहे, शिकून घे, असं म्हटल्याचं मला आठवतही नाही. सोपं कुणाला?

कीबोर्डची जुनी मांडणी परत बसवली. पाच मिनिटं लागली. फक्त पाच.

अक्का पडद्याकडे बघत म्हणाली, "आता कुणाला विचारून लिहू?"