गेटपर्यंत आलेली गाडी

ताई,

चिमणी धडधाकट आहे, हे आधी वाच. तू आंघोळीला गेलीयस आणि तोंडावर सांगायची माझी छाती नाही, म्हणून चिठ्ठी. आम्ही मामा-भाची चालत शाळेत निघालोय.

गेट उघडायला उतरताना मी बाबांच्या शिकवणीप्रमाणे, म्हणजे घरंगळू नये म्हणून, नवी गाडी गिअरमध्येच ठेवली. इंजिन इतकं गुपचूप, मला बंदच वाटलं. पण या बयेला क्लच नाही. ‘डी’वर, म्हणजे पुढच्या गिअरवर असताना ब्रेकवरून पाय काढला की ती आपली आपण निघते. वळून बघतो तर पाळलेल्या कुत्र्यासारखी माझ्या मागे येतेय, आणि आत चिमणी! मी तिला हात दाखवून ‘थांब, थांब’ म्हणालो. गाडीला. मग आत उडी मारून ब्रेक दाबला. गेट वीतभर उरलं होतं.

उतरायच्या आधी ब्रेक दाबून धरायचा, ‘पी’ म्हणजे पार्किंग टाकायचा, हँडब्रेक ओढायचा, इंजिन बंद करायचं. पाय सगळ्यात शेवटी उचलायचा.

किल्ली मी सोबत नेतोय. दहा वाजता बाबा ती मागतील, आणि गाडी गिअरमध्ये ठेवून उतरायची त्यांची सवय चाळीस वर्षांची आहे.

चिमणी म्हणतेय, "मामा, परत एकदा!" मी हसलो. तिचं दप्तर मी उचललंय.