गाडीत झोपणार किती?

१० मार्च २०२४

बस! आमच्या दारात बस येणार म्हणे. शाळेची, जुनी, सव्वीस सीटची. सीटं काढून आत घर करायचं — पलंग, ओटा, संडास, सगळं. त्याला मोटरहोम म्हणायचं. हे कंपनीतून रिटायर होऊन चार महिने झाले. मोबाइलवर कुणीतरी गोरा बसमध्ये उभा राहून आम्लेट करताना दिसला, तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही.

पाणी आज आलं. नवव्या दिवशी, सकाळी अकराला. आधी हौद, मग वरची टाकी, मग ड्रम. दोन तास मोटरपाशी उभी होते. हे अंगणात खडूनं बसची लांबी आखत होते. आखून झाल्यावर म्हणाले, "गेटच्या बाहेर जातेय गं थोडी." थोडी! बारा फूट!

मला कुणी विचारलं नाही, पण इथं लिहिते. मला जायचंय. मनापासून. आधी अंगद लहान होता, मग शिलाईची गिऱ्हाइकं, आता पाणी. सलग आठ रात्री या घराबाहेर काढल्याचं मला आठवत नाही. महाबळेश्वरच्या हॉटेलाचे पडदे शिवले, ऐंशी पडदे. पडदे गेले, मी इथंच. फक्त बस नको. छोटी गाडी — हे, मी आणि आई. बास.

१३ मार्च

बस गल्लीत वळतच नाही. मोजून पाहिलं. आता म्हणतात कोपऱ्यावर लावू. कोपऱ्यावर टँकर उभा असतो दिवसभर!

यांचं कारण वाईट नाही, हेच तर दुखणं आहे. आईंना त्यांचा जुना रस्ता दाखवायचा आहे. सासूबाई एक्याऐंशीच्या. चाळिशीपर्यंत मेंढरांमागं चालल्या — लासूर स्टेशनकडून निघायचं, कन्नडचा घाट उतरून खानदेशात, पाऊस पडला की परत. दर उन्हाळ्यात तोच रस्ता. "एकदा बघावा म्हन्ते," एवढंच बोलल्या त्या दिवाळीत. यांनी त्यावरून बस काढली.

२५ मार्च

धुळवडीला अंगद आणि सून प्रांजली पुण्याहून आलेत. रंग राहिला बाजूला, सगळ्यांची मापं झाली. मीच टेप लावला — कपड्यांची सवय. अंगद सहा फूट. प्रांजली पाच चार. हे पाच दहा. आई चार दहा, खाटेवर झोपवूनच मोजलं, तर हसून हसून खोकला लागला त्यांना. यांचे कंपनीतले मित्र मोतीराम आले होते, त्यांचीही रुंदी मोजली — ती महत्त्वाची!

सहा गाद्या. आम्ही तिघं, अंगद-प्रांजली, मोतीराम. सहा खोळी मीच शिवायच्या. माझं माप घ्यायचं राहिलं. माझं मला माहीत आहे, पाच फूट.

प्रांजली हळूच म्हणाली, "आई, संडास आतच असणार का? सगळ्यांचा एकच?" मी म्हटलं, बाबांना विचार. तिनं विचारलं नाही.

१ एप्रिल

चितेगावला नूरमोहम्मदभाईंच्या वर्कशॉपवर. पैठण रोड नव्या पाइपलाइनसाठी खोदलेला, एका बाजूनं धूळ, दुसऱ्या बाजूनं हॉर्न. रस्त्याकडंला पाइप ठेवलेत, एवढाले की आमच्या आई आत उभ्या राहतील. त्यातून पाणी कधी येतं बघू.

भाईंनी यांनी काढलेला बसच्या आखणीचा कागद पाहिला आणि चहा मागवला. मला तेव्हाच बरं वाटलं.

"रामहरीभाई, इत्ती बडी गाडी को घाट में छोडते नै आजकल. और अम्मा को चढाएंगे कैसा? पायदान देखो कित्ता ऊंचा है."

घाटच नाही तर रस्ता कसला दाखवणार? बस गेली! मग बसपेक्षा लहान, ट्रॅव्हलर. ठीक. तेवढ्यात हे म्हणाले, पाण्याची टाकी पाचशे लिटरची पाहिजे. का, तर वाटेत दुष्काळ आहे, कोण पाणी देतंय. भाईंनी कप खाली ठेवला. "घर बनाना है या टँकर? पैले वो तय करो."

मी मनातल्या मनात हात जोडले त्या माणसाला. पण हे ऐकतील तर ना. टाकी बसवली कागदावर — दोन गाद्या उडाल्या. म्हणजे पाण्यासाठी माणसं कमी केली. आपल्या शहराचा माणूसच असं करू शकतो.

६ एप्रिल

अंगदचा फोन. मे महिन्यात सुट्टी नाही. प्रांजलीला तर नाहीच नाही. मागं प्रांजलीचा आवाज ऐकू आला — "संपलं का बोलून?" यांना लागलं ते. मलाही वाईट वाटलं. पण खरं सांगू? ट्रॅव्हलरसुद्धा मोठीच होती.

१२ एप्रिल

पाणी आज पहाटे पाचला आलं नि सव्वासहाला गेलं. हौद अर्धा. मी ओरडले, कुणी तरी ड्रम सरकवा! हे उठून आले आणि विचारलं, "कोणता कॉक?" या घरात एकतीस वर्षं राहतोय हा माणूस.

नंतर चहा पिता पिता त्यांनी मला समजावलं की प्रवासात पाण्याचं नियोजन फार महत्त्वाचं असतं.

१८ एप्रिल

मोतीरामांचं गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. तेही गेले. आता एवढ्या मोठ्या ट्रॅव्हलरमध्ये काय, क्रिकेट खेळायचं? हे मान्य करेनात. "मोठी असलेली बरी, कधी कोण येईल." कोण येणार? सव्वा महिना घोडं तिथंच. अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात — इथं माणसं निघून गेली तरी अंथरूण गुंडाळायला कुणी तयार नाही.

शेवटी मी बोलले. माझी पडदे पोचवायची व्हॅन आहे, गावात मीच चालवते, ती घ्या. मागचं सीट काढा. डाव्या बाजूचं पुढचं सीट उलटं पाडलं की लांब गादी बसते, उजवीकडं आखूड. टाकी वीस लिटरची, बाकी गावोगाव देवळं आहेत, हापसे आहेत, माणसं आहेत. आई दोन पायऱ्यांऐवजी एकच चढतील. कन्नडला काय, कुठंही वळेल.

हे विचार करतो म्हणाले.

२० एप्रिल

हो म्हणाले! व्हॅनच! जिंकले मी. आईंसाठी साखरभात केला.

२७ एप्रिल

खोळींची चिठ्ठी दिली यांनी. डावी — पाच दहा — मी (म्हणजे हे). उजवी — चार दहा — आई.

मी म्हटलं, "आणि मी कुठं झोपू? खाली? दोन्ही गाद्यांच्या मध्ये सतरंजी टाकली तर..."

"तू?" हे खरंच गोंधळले. "तू इथं पाणी बघशील ना."

रागानं नाही. चहात साखर कमी आहे म्हणावं, तसं म्हणाले. पेपर उचलला.

मी आत आले. कपाटातून बसचा पहिला कागद काढला. सव्वीस सीटची बस, तिच्यात सहा गाद्या, प्रत्येकीवर यांच्या सुरेख अक्षरात नाव. आई. मी. अंगद. प्रांजली. मोतीराम. सहावी — सामान.

सामान!

म्हणजे गाडी मोठी असो की लहान, मी तिच्यात कधी नव्हतेच. दीड महिना भांडले मी. गाडी लहान करा, लहान करा. कशासाठी?

२८ एप्रिल

शिवण बंद.

१ मे

भांडण झालं. मोठं. शेजारच्या अनिसाभाभींनी भिंतीवरून विचारलं, सब खैरियत?

हे म्हणतात, "मग घरी कोण? पाण्याची पाळी चुकली तर सोळा दिवस कोरडे. परत आल्यावर आंघोळ कशानं करशील?" आणि हेच तर चिडवणारं आहे, की ते खोटं बोलत नाहीत! मी म्हटलं, भाभींना चावी देऊ. भाभी तिकडून म्हणाल्याच, "मैं भर देती ना." तर हे — घर उघडं टाकून जायचं का? लोकांच्या हातात?

मला रडू आलं. पाण्यासाठी नाही. एवढ्या दिवसांत कुणाच्या डोक्यात एकदासुद्धा आलं नाही की हिलाही जायचं असेल, याचं. अंगदच्याही नाही. त्यानं तो कागद पाहिला होता.

५ मे

आई जेवायला बसल्या होत्या. मी वाढत होते. यांनी त्यांना सांगितलं, पुढच्या सोमवारी निघायचं, तू आणि मी.

आई म्हणाल्या, "आन ही?"

"ती घर बघणार."

आईंनी भाकरी खाली ठेवली. आवाज चढवला नाही. त्या कधीच चढवत नाहीत.

"रामहरी, आमी बिऱ्हाड हलवायचो तवा एक घोडं हुतं. घोड्यावर मावंल तेवढंच घर. भांडी, वाकळ, कोंबड्या, तू. बाकी समदे पायी. पर मागं कुनी ऱ्हायलं नाय कधी. आन बाई मागं ठिवून बिऱ्हाड हलवल्यालं म्या तरी पाह्यलं नाय रं."

"आई, ते दिवस वेगळे. आता घरी पाणी—"

"मला ल्हान गाडी चालंल, मोठी चालंल. मला धरून उठवाया हिचे हात लागत्यात. तुला माझं लुगडं नेसवाया येतं व्हय?"

हे म्हणाले, "पण घरी कोण?" आईंनी परत भाकरी घेतली आणि मला म्हणाल्या, कालवण वाढ.

७ मे

पाणी आलं. हे मोटरपाशी येऊन उभे राहिले. मी सांगत गेले, हा हौदाचा, हा टाकीचा, हा उघडायच्या आधी तो बंद. हे दोनदा चुकले. अंगणात तळं झालं.

१० मे

खोळी शिवल्या दोन्ही. निळ्या.

१६ मे

घाटाखाली, चाळीसगावच्या अलीकडं. एका मंदिराच्या आवारात व्हॅन लावली आहे. मी चालवली, आई बाजूला बसून रस्ता सांगत होत्या — निम्मा चुकीचा, तिथं आता प्लॉट पडलेत. आज त्यांना एक विहीर सापडली. काठावरचा दगड ओळखला त्यांनी. बराच वेळ हात ठेवून उभ्या होत्या, मी धरून होते.

डावी गादी मला दहा इंच जास्त होते. पाय ताणून झोपते.

दुपारी यांचा घरून फोन आला. "पाणी काल यायचं होतं, अजून आलं नाही. मी काय करू?"

म्हटलं, थांबा.