कोठीच्या पत्र्याचा डबा

८ सप्टेंबर, सोमवार

चालला! एकदाचा चालला!

एका बँकेने लिलावात काढलेला जुना कॉम्प्युटर, त्यात सेकंडहँड ग्राफिक्स कार्ड, वर फुकटातली सिस्टिम — आणि दुरुस्तीला आलेल्या टीव्हीवर रेसची गाडी अशी पळाली की समोरचा चहावाला कप हातात घेऊन गाळ्यातच येऊन उभा राहिला. कीबोर्ड नाही, माऊस नाही. कंट्रोलर हातात घ्यायचा आणि सोफ्यावर बसून खेळायचं. कंपनीचा गेमिंग कन्सोल जे करतो ते सगळं, आणि किंमत त्याच्या निम्मी. शिवाय हा कॉम्प्युटरच, त्यामुळे यावर सातबारासुद्धा निघतो. कन्सोलवर काढून दाखवा म्हणावं सातबारा!

बाबा कोपऱ्यात सोल्डरिंग करत होते. राधाकिशन टीव्हीवाले — तीस वर्षं पाटोद्यातले टीव्ही उघडतायत, पण पोरीने काही उघडलं की मान वर होत नाही. आज झाली. बघितलं आणि म्हणाले, "दिसायला लई गबाळं हाय."

दिसायला ना? ते बघते मी.

११ सप्टेंबर, गुरुवार

सिदूकडे गेले. तो धान्याच्या पत्र्याच्या कोठ्या करतो. माप सांगितलं तर हसायला लागला. "ताई, एवढ्याशा कोठीत काय भरणार? मोहरी?" पण काम काय केलंय! कोपरे गोल, कुठे हाताला टोचत नाही, वरून गरम हवा जायला भोकांची नक्षी. काळा रंग मी दिला, दोन हात. टीव्हीखाली ठेवला तर कोणी म्हणणार नाही की हा पत्रा धान्यासाठी आला होता.

पप्पू म्हणाला. तोच म्हणणार. माझा चुलतभाऊ, स्टँडजवळ मोबाईलचं दुकान, हप्त्याने कन्सोल विकतो. डबा हातात घेऊन वर-खाली केला आणि, "ताई, लोकं हॉलमधी कंपनीचा माल ठिवत्यात. कोठी माळ्यावर ठिवत्यात."

जळतो मेला.

१५ सप्टेंबर, सोमवार

आज बाबांनी सांगूनच टाकलं. दिवाळीच्या पाडव्यापासून गाळा पप्पूला. त्याला दुसरं दुकान टाकायचंय आणि बाबांचे डोळे आता बारीक कामाला साथ देत नाहीत. "तू पुण्याची नोकरी सोडून आलीस, दीड वरीस झालं. दिवसभर पंखे पुसतीस. परत जा. तिथं तुला मान हाय."

मान! तिथे मी दिवसभर हेडफोन लावून लोकांना 'एकदा बंद करून चालू करा' एवढंच सांगायचे.

म्हटलं, दसऱ्यापर्यंत थांबा. तोवर एका मोठ्या घराने माझा डबा हॉलमध्ये ठेवून घेतला तर गाळा माझा.

"कुणाचं घर?"

तोंडातून निघून गेलं — "बबनरावांचं."

बाबा पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघत राहिले. बबनराव म्हणजे जिल्हा परिषदेचे माजी सदस्य. अर्धा तालुका त्यांच्या हॉलमध्ये बसून चहा पितो. त्यांनी मागेपुढे होणारा सोफा आणला, वर्षात पाटोद्यात तसले वीस सोफे आले. तिथे डबा बसला की बसला. आणि तिथून परत आला तर मला गावात कोणी साधी वायरसुद्धा जोडायला देणार नाही!

१८ सप्टेंबर, गुरुवार

गेले. थेट बबनरावांच्या हॉलमध्ये.

त्यांची नात संस्कृती बीडला कॉलेजात आहे, नवरात्रात घरी येणार. तिच्यासाठी पप्पूकडून कन्सोल घ्यायचं जवळपास ठरलेलंच होतं. पप्पू तिथेच बसला होता, पाय पसरून. मी सगळं सांगितलं. सातबाऱ्यावर बबनराव पुढे सरकले. ऊसतोडीच्या टोळ्यांचा हिशेबही यावर टीव्हीएवढ्या अक्षरात दिसेल म्हटल्यावर त्यांनी चष्माच काढून ठेवला.

"काय बे पप्पू, तुझ्यावर निघतो का सातबारा?"

पप्पू म्हणाला, "अण्णा, त्यो खेळायचा हाय."

शेवटी निकाल असा — दोन्ही आणून ठेवा. दसऱ्याला बघू. घरच्यांना आवडेल तो राहील, दुसरा उचलून न्यायचा.

२१ सप्टेंबर, रविवार

पाऊस थांबायचं नाव नाही. रस्ते बंद. नवा एसएमपीएस — वीज आत वाटून देणारी पेटी — कुरिअरवाल्याकडे अडकलाय. उद्या घटस्थापना, उद्याच डबा पोहोचवायचाय. जुन्या मशीनमधलाच बसवला. तीन तास चालवून बघितला, ठीक आहे.

२२ सप्टेंबर, सोमवार

बसवला! डावीकडे पप्पूचा पांढराशुभ्र कन्सोल, उजवीकडे माझा काळा डबा. संस्कृतीने दोन्ही लावून बघितले. कन्सोलवर दोन गेम, बाकी विकत घ्यायचे. माझ्यावर ती लहानपणी खेळायची तेसुद्धा निघाले. ती ओरडलीच, "ओ आजोबा, ह्याच्यावर तर सगळंच हाय!"

येताना चिखलातून चालत आले आणि चप्पल तुटली. काही वाटलं नाही.

२५ सप्टेंबर, गुरुवार

सहज चौकशीला गेले होते दुपारी. हॉलमध्ये पुरुषमाणूस कोणी नाही. आणि रुक्मिणीकाकू — बबनरावांची मंडळी, साठी ओलांडलेली, एरवी स्वयंपाकघराच्या दारातून पुढे न येणाऱ्या — खाली सतरंजीवर बसून माझ्या डब्यावर ट्रॅक्टर चालवत होत्या! नांगरटीचा गेम आहे एक, संस्कृतीने लावून दिला होता. जीभ दातात धरलेली, कंट्रोलर घट्ट.

"ह्यो वळंना गं मंजुषा. बांधावर चढतुय सारखा."

मी शेजारी बसून दाखवलं. घरात दोन ट्रॅक्टर आहेत. म्हटलं, काकू, खरा कधी चालवलात? तर म्हणाल्या, "मला कोण बसू देतंय? त्याची पूजा करायपुरती मी." आणि पुन्हा लागल्या नांगरायला. वीस मिनिटांत अख्खा तुकडा नांगरला, नांगराची एकही ओळ सुटली नाही. कन्सोलकडे ढुंकूनही बघितलं नव्हतं त्यांनी.

पुण्यात माझ्या कामाने एवढं खूश झालेलं माणूस मला एकही भेटलं नव्हतं.

२८ सप्टेंबर, रविवार

संस्कृती परीक्षेला बीडला गेली. काकूंनी तिच्या हाती निरोप धाडला होता — दुसरं वावर कसं उघडायचं? काकूंना फोनवर सांगितलं. मी आज हवेत आहे.

१ ऑक्टोबर, बुधवार. खंडेनवमी

सगळं मातीत.

सकाळी त्यांच्याकडे पूजा झाली. ट्रॅक्टर, मोटार, विळे, कोयते, आणि यंदा टीव्हीखालचे दोन्ही डबे. झेंडूच्या माळा, हळदकुंकू, नारळ. दुपारी संस्कृती परत आली, बटण दाबलं — डबा मेलेला. चार वाजता मला बोलावणं. जाऊन बघते तर बबनराव, प्रसादाला आलेले दहा-बारा लोक, बाबा, आणि पप्पू! पप्पूचा कन्सोल कपाळावर कुंकू लावून मस्त चालू. मी बटण दाबलं. पुन्हा दाबलं. काही नाही.

"पत्र्याच्या डब्याला कंपनीची सर येत न्हाई," पप्पू म्हणाला. कोणीतरी हसलं. बाबा खाली बघत होते. तेच मला सोसलं नाही.

तेवढ्यात दारातून काकू बोलल्या. "माझी चूक हाय. नारळ फोडला तवा वाटीतलं पाणी मीच शिंपडलं त्याच्यावर. वरच्या भोकातून आत गेलं असंल."

सगळे त्यांच्याकडे वळले. बबनराव चिडले — अक्कल कुठं गेलती, वगैरे. माझ्या छातीवरचा दगड खाली उतरला. खरं लिहायचं तर देवच धावून आल्यासारखं वाटलं! म्हटलं, "पाण्याने कोणतंही मशीन जाईल. पण माझं मी उद्या दहा वाजता चालू करून देते. पप्पूचा कन्सोल भिजला असता तर?"

पप्पूने कन्सोलकडे बघितलं. मग म्हणाला, "कंपनीला पाठवावा लागतो. महिना लागंल."

डबा काखेत मारला आणि निघाले.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा

जिंकले!

दहाला पाच कमी असताना डबा चालू. हॉल भरलेला, सोनं द्यायला आलेली माणसं चपलांच्या ढिगावरून आत येतायत, आणि टीव्हीवर माझी गाडी पळतेय. बबनरावांनी सगळ्यांसमोर सांगितलं, "आपल्याकडं पूजा व्हायचीच. नारळ फुटायचाच. मग जे गावात दुरुस्त हुतं तेच घ्यायचं का न्हाई?" पप्पूने कन्सोल पिशवीत घातला. चार जणांनी जागेवर डबा सांगितला, त्यातले एक चकलांब्याचे पाहुणे!

बाबांनी मला सोन्याचं पान दिलं आणि गाळ्याची किल्ली. दोन्ही एकाच हातात. त्यांचे डोळे भरले होते आणि माझेही.

राधाकिशन टीव्हीवाल्यांची पोरगी आहे मी! आख्ख्या पाटोद्यात असं मशीन दुसरं कोणी जोडून दाखवावं.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

काल एक गोष्ट लिहिली नाही. इथेही नाही लिहायची तर कुठे?

डबा उघडला तेव्हा आतून कोरडा ठणठणीत होता. ओल नाही, डाग नाही. एसएमपीएसमधला कॅपॅसिटर, वीज धरून ठेवणारा बोटाच्या पेराएवढा भाग, फुगून फाटला होता — तीच जुनी पेटी, मी पावसाच्या दिवशी बसवलेली. नवा एसएमपीएस परवाच हातात आला होता, तो बसवला आणि झालं. नारळाच्या पाण्याचा एक थेंबही आत गेला नव्हता. माझीच चूक, शंभर टक्के.

पण डबा जिंकला तो खरंच जिंकला. ते तर खोटं नाही ना?

७ ऑक्टोबर, मंगळवार

सिदूला आणखी चार डबे सांगितले. तो म्हणतो, कोठ्या बंद करून आता हेच करावं. त्यानेच सांगितलं गावात काय चाललंय ते. बबनराव येईल त्या माणसाला गोष्ट रंगवून सांगतात — आमच्या मंडळीने डब्याला नारळ पाजला! लोक हसतात. चहा घेऊन काकू आल्या की पुन्हा पहिल्यापासून.

दुपारी तिकडूनच आले. काकू हॉलमध्ये नव्हत्या. संस्कृती म्हणाली, "आजीला हात लावू देत न्हाईत आता. आजोबा म्हणले, पुन्हा बिघडवशील."

कंट्रोलर कपाटावर ठेवलाय. काकूंचा हात पोहोचत नाही एवढ्या उंच.

८ ऑक्टोबर, बुधवार

गाळ्यावर दिवसभर गर्दी. तिघांकडून कौतुक ऐकून घेतलं. आधी असलं कौतुक मी घरी येऊन शब्दन्‌शब्द लिहून काढलं असतं.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

सांगितलं तर काय होईल? चारही डबे परत फिरतील. पप्पू स्टँडवर उभा राहून गाईल. बाबांनी एवढ्या लोकांत मान वर केली ती पुन्हा खाली जाईल, आणि गाळा — गाळा जाईलच.

नाही सांगितलं तर काही होणार नाही. फक्त एक बाई स्वतःच्या घरात वेंधळी ठरून राहील, माझ्या फाटक्या कॅपॅसिटरसाठी.

मला माझ्या कामाचा माज आहे. असू दे, तो मी कमावलाय. पण माज करायचा तर आपल्या कामाचा करायचा. दुसऱ्याच्या डोक्यावर आपली चूक ठेवून कसला माज?

उद्या जाते. बाबांनाही घेऊन जाते.

११ ऑक्टोबर, शनिवार

सांगितलं. हॉलमध्ये, आठ माणसांसमोर, फाटका कॅपॅसिटर टेबलावर ठेवून. बबनरावांनी चष्मा लावून तो वाकून बघितला. मग कपाटावरचा कंट्रोलर काढून खाली ठेवला. चौघांपैकी एकाने डबा नको म्हणून सांगितलं. बाबांनी कॅपॅसिटर उचलून खिशात घातला. किल्ली परत मागितली नाही.

निघताना काकूंनी स्वयंपाकघरात ओढून नेलं. त्या रागावल्या होत्या!

"कशाला बोललीस? मला ठावं हुतं की. नवमीच्या आदल्या दिशीच बंद पडलता त्यो, माझ्या हातात. नांगरता नांगरता. नारळ तर मागून फुटला."

म्हटलं, काकू, मग तुम्ही सगळ्यांसमोर ते पाण्याचं —

"तुझा बाप खाली बघत हुता गं. मला बघवंना."