अपवादांचं पान

दि. ४ जून

चि. खारूस,

अनेक आशीर्वाद.

इकडे सगळे ठीक. तुला मावशीकडे जाऊन अठरा दिवस झाले. तुझी आई मजेत आहे. माझ्याशी ताट वाढण्यापुरतं बोलते, पण ताट वाढते हे काय थोडं झालं? दुकानात शाळेच्या काळ्या बुटांची झुंबड आहे. पोरांचे पाय एका सुट्टीत दोन-दोन नंबरांनी वाढलेत आणि आयांना वाटतं मीच मापाची पट्टी बदलली. शेजारच्या घड्याळवाल्यांनी नवी पाटी लावली, ‘दिलेल्या वेळेत दुरुस्ती’. रंगारी पाटी घेऊन आला चार दिवस उशिरा! मी म्हटलं, “पहिली त्यालाच वाचायला द्या.” आता ते माझ्याकडे बघत नाहीत.

तू मावशीच्या ओळखीने औषधांच्या दुकानात बसतेस असं कळलं. फळ्यांवर खोकी नीट लावतेस म्हणून मालक खूश आहेत. असणारच, हात कोणाचा आहे! पण पुरवणी परीक्षेला बसणार नाही, शिक्षण पुरे झालं, असं तू म्हणालीस म्हणे. अगं, बाकी सगळ्या विषयांत इतके चांगले गुण आणि एकट्या अर्थशास्त्रापायी शाळेला रामराम? एक चप्पल तुटली म्हणून कोणी पाय कापतं का?

मी स्वस्थ बसलेलो नाही. तुझ्या उत्तरपत्रिकेची प्रत मागवली आहे. सगळ्या गल्लीला सांगितलंय, माझ्या हाताखाली तयार झालेल्या पोरीला अर्थशास्त्र येत नाही हे होणंच शक्य नाही, तपासणाऱ्याचा चष्मा बदलायला झाला असणार. प्रत हातात आली की बोर्डाच्या कचेरीत जाऊन एकेकाला पायरीवर उभा करतो.

दुकानातल्या त्या गमतीचं फार मनावर घेऊ नकोस. गिऱ्हाइकांसमोर माणूस काहीबाही बोलतो.

बोर्डाला धडा शिकवायला निघालेला,
तुझा बाबा


दि. १३ जून

चि. खारूस,

आशीर्वाद. प्रत आली. अजून नीट पाहिलेली नाही, गर्दी फार आहे. बोर्डात जायचं जरा लांबणीवर टाकलंय.

मावशीचे गुडघे कसे आहेत? तिच्यासाठी मऊ तळव्याच्या चपला काढून ठेवल्यात. सहाच नंबर ना? शिडीची खालची पायरी पुन्हा निखळली. आई म्हणते, अर्थशास्त्राच्या बाईंना एकदा भेटून या. जाईन.

पुरवणीच्या फॉर्मची शेवटची तारीख चोवीस आहे.

तुझा बाबा

ता. क. उत्तराच्या शेवटी ‘असे माझे बाबा म्हणतात’ हे कशाला लिहिलंस गं?


दि. १७ जून

प्रिय खारू,

आज दुपारी दोनला दुकानाचं अर्धं शटर ओढून लिहायला बसलो आहे. दोन ते चार गिऱ्हाईक नसतं, ही आपली शिकवणीची वेळ. तू बसायचीस ते स्टूल समोर आहे.

मागच्या पत्रात प्रत पाहिली नाही असं लिहिलं आणि खाली ताजा कलम टाकून स्वतःच पकडला गेलो. आई म्हणाली, “चोरी करायलाही अक्कल लागते.” महिन्याभरानंतरचं तिचं पहिलं लांब वाक्य.

प्रत आली त्याच दिवशी मी ती उभ्या उभ्या वाचली. पहिलाच प्रश्न, मागणीचा नियम स्पष्ट करा. तुझं अक्षर किती सुरेख, खाली रेघासुद्धा मारल्यास. आणि मजकूर? “वस्तूची किंमत वाढवली की तिची मागणी वाढते. उदाहरणार्थ, तपकिरी बूट.” पुढे सगळी कहाणी. ते बूट दोन वर्षं धूळ खात पडले होते, कोणी फुकट नेईना. मग मी ते काचेच्या कपाटात ठेवले, वर दिवा लावला, किंमत चढवली आणि चार दिवसांत सगळे जोड गेले. “गिऱ्हाईक बुटाआधी दुकानदाराच्या तोंडाकडे बघते, असे माझे बाबा म्हणतात.” समोर लाल शून्य.

पुढच्या प्रश्नात पुरवठ्यावर लिहिलंस, “माल भरपूर असला तरी एकच जोड उरलाय असे सांगावे.” तपासणाऱ्याने तिथे शून्याच्या आधी एक प्रश्नचिन्ह काढलंय. बिचारा. त्याचा चष्मा अगदी बरोबर आहे.

पानामागून पान मी माझाच आवाज वाचत होतो. तू लहानपणापासून साठवणारी. पेन्सिलींचे तुकडे, बुटांच्या लेस, रिकामी खोकी, म्हणून तर तुला खारू म्हणायला लागलो. माझं एकेक वाक्य तू तसंच साठवलंस आणि परीक्षेत नेऊन मांडलंस.

परवा बाईंना भेटलो. शिक्षकांच्या खोलीत त्या खुर्चीवर आणि मी दारात, हातात टोपी असती तर ती पिळली असती. मला वाटलं होतं रागावतील. त्यांनी तुझी प्रत चाळली आणि म्हणाल्या, “तुम्ही सांगितलेलं खोटं नाही हो. फक्त ते पुढच्या पानावर आहे.” पुस्तक उघडून दाखवलं. या पानावर नियम, किंमत वाढली की मागणी घटते. पान उलटलं की अपवाद. महाग ते चांगलं असं समजून लोक चढ्या भावानेही घेतात, असं तिथे छापलेलं आहे. माझे तपकिरी बूट तीन ओळींत! जन्मभर दुकान चालवून मी कमावलेलं सगळं शहाणपण त्या तीन ओळींत मावलं, आणि तुला मी ते आख्खं शास्त्र म्हणून दिलं.

“वर्गात मी तिला हे उलटं आहे म्हणून सांगितलं होतं,” बाई म्हणाल्या. “तर म्हणाली, बाई, पुस्तक लिहिणाऱ्याने कधी दुकान चालवलं नसेल.”

हेही माझंच वाक्य. ते मी कधी म्हणालो तेही आठवतं. पहिल्या दुपारी तू पुस्तक घेऊन आलीस आणि विचारलंस, “बाबा, सीमान्त उपयोगिता म्हणजे काय?” मी तो शब्द आयुष्यात ऐकला नव्हता. मी ते पान वाचायला घेतलं, तुला वाटलं मी विचार करतोय. खारू, मला दुसरी ओळ कळली नाही. पुन्हा वाचली, तरी नाही. सातवीनंतर मी पुस्तक धरलं ते त्याच दुपारी. तू तोंडाकडे बघत होतीस आणि मला तुझ्यासमोर अडाणी दिसायचं नव्हतं. म्हणून मी पुस्तक मिटलं आणि म्हटलं, “असल्या जड शब्दांनी कोणाचा जोडा विकला गेलाय? ठेव बाजूला, मी सांगतो ते लिही.” तू वही उघडलीस.

इथपर्यंत लिहून मी उठून पाणी प्यायलो. अजून एक राहिलं आहे आणि त्याला शब्द सापडत नाहीत.

माझे कान तुला माहीत आहेत. पायरीवर पाऊल वाजलं की मान वर न करता मी नंबर सांगतो. “बाबांना कान नाहीत, सुपं आहेत,” तूच म्हणायचीस. तर पेपरच्या दिवशी तू आणि तुझी ती दोन वेण्यांची मैत्रीण बाहेर पायरीवर उभ्या होतात. मी काचेच्या कपाटामागे होतो.

ती म्हणाली, “अगं, उलटं लिहिलंस! पहिलाच धडा!”

तू म्हणालीस, “बाबांच्या दुकानात तसंच होतं. त्यांनी मला दाखवलंय.”

“मग बाबा येणारेत का पेपर तपासायला?”

तू आवाज खाली आणलास. मग म्हणालीस, “बाबांना कळू देऊ नकोस हं. त्यांना वाईट वाटेल.”

मी एक खोकं उघडलं आणि आतला कागद चुरगळत बसलो, म्हणजे आवाज होईल आणि मी ऐकलं नाही असं होईल. तू आत आलीस. “कसा गेला?” मी विचारलं. तू म्हणालीस, “चांगला.” आणि मी म्हणालो, “जाणारच! शिकवलंय कोणी!”

निकाल यायच्या आधीपासून मला माहीत होतं, खारू. निकालाच्या दिवशी दुकान भरलेलं होतं. न्हावी होता, घड्याळवाले होते, पांढरे बूट घ्यायला आलेली ती नर्स होती. तू शिडीवर. कोणीतरी विचारलं आणि मी लगेच म्हणालो, “पट्टीच्या पोहणाऱ्याची पोर बादलीत बुडाली!” सगळे हसले. तू खोकं नीट खाली आणलंस, नर्सचा नंबर बघून दिलंस, झाकण लावलंस आणि मागच्या दाराने गेलीस. मी विनोद केला तो अशासाठी, की आधी आपणच हसलो की हिला शिकवलं कोणी हे कोणी विचारत नाही. तो विनोद मी त्या आठवड्यात आणखी किती जणांना ऐकवला ते सांगत नाही. आणि प्रत मागवली ती कुठेतरी तपासणाऱ्याचीही चूक निघेल या आशेने. निघाली नाही.

काल ती नर्स बूट चावतो म्हणून परत आली. न्हावी दाढीच्या सामानाची पिशवी घेऊन पायरीवर बसला होता. बूट ठोकून सैल करता करता मी दोघांना म्हटलं, “त्या दिवशी बोललो ते खोटं होतं. पोर बुडाली नाही. मी तिचा हात धरून बुडवली, आणि बुडवणाऱ्याला स्वतःलाच पोहता येत नव्हतं.” न्हावी हसायला लागला आणि मध्येच थांबला. नर्सने बूट घालून दोन पावलं चालून पाहिलं. म्हणाली, “आता चावत नाही. हे मुलीला सांगितलंत का?”

म्हटलं, “नाही.”

“मग मला कशाला सांगताय?”

म्हणून हे पत्र.

सोबत तुझं पुस्तक पाठवतो आहे. आत बाईंची चिठ्ठी आहे, दर शनिवारी त्या तुला वेळ देतील. मी पहिल्या धड्याची नऊ पानं वाचली आहेत. जिथे कळलं नाही तिथे पेन्सिलीने टिंब केलंय. पान काळं झालंय जरा, खोडून टाक. सीमान्त उपयोगिता आता मला थोडी कळते, पण ती मी तुला सांगणार नाही. बाईंना विचार.

फॉर्मही सोबत आहे. पालकाच्या जागी सही केली आहे, तुझी जागा कोरी ठेवली आहे. बसलीस तर या वेळी माझं एक वाक्यही लिहू नकोस. नाहीच बसलीस तर त्या औषधांच्या दुकानात कोणी विचारलं की सांग, माझ्या बाबांनी चुकीचं शिकवलं. हे तू कुठेही सांगायला मोकळी आहेस. मला वाईट वाटेल याची काळजी करू नकोस. ते तू एकदा केलंस, पुरे.

आई दारात उभी आहे. विचारते आहे, पत्र झालं का? तिला वाचून दाखवणार आहे, मग पाकीट बंद करीन.

ज्याची सही फॉर्मवर आहे, आणि त्या शून्याखालीही हवी होती, तो
तुझा बाबा