नळावरची रजई

अकोला, ता. ३ जानेवारी १८६५

पुन्हा हिशेब मांडला. पुन्हा तेच! भट्टीत जळणाऱ्या लाकडाची उष्णता शंभर धरली, तर कापसाच्या गाठी दाबायला त्यातली पाचसुद्धा येत नाही. काही धुराड्यातून जाते. बरीचशी जाते वापरलेली वाफ थंड करण्याच्या पेटीत — हे इंजिन मोडीत निघालेल्या आगबोटीचं. समुद्रावर त्याला गार पाण्याचा तोटा नव्हता; इथे विहिरीचं तेच पाणी हौदातून फिरत राहतं आणि कोमट होतं. कधी वाटतं, दट्ट्या मागेपुढे ढकलण्यापेक्षा वाफ सरळ चाकाच्या पात्यांवर का सोडू नये, पाणचक्कीसारखी? पण ते कोण करणार!

आणि नळ. बोटीवर बॉयलर इंजिनाला खेटून असतो. इथे कापूस पेटेल या भीतीनं आम्ही तो आवाराच्या पार टोकाला बसवला. मधे वाफेचा लांबच लांब उघडा नळ, पौषाच्या वाऱ्यात. वाफेचं वाटेतच पाणी होतं.

बोटीचं इंजिन घ्या, असं मीच सांगितलं होतं. मालक खुशालराव आज सगळ्यांसमोर म्हणाले, "मास्तर, तुमचं इंजन लाकडं खाते का जंगल? महिन्याभरात त्याची भूक आवरा, नाही तं भंगारात काढतो." अमरावतीची शाळा सोडून आलो ते यासाठी!

ता. ५

नळाला जाड कापूस गुंडाळायचा, वर तरट, त्यावर शेणमाती. खुशालरावांकडे कापूस मागितला.

"कापूस? नळाले? अमेरिकेत लढाई चालू हाय तोवर कापूस म्हंजे सोनं! लोकं गाद्या उसवून विकून राहिले, अन् तुमी लोखंडाले पांघरून घालता?"

भट्टीवरचा नत्थुजी हसला — "कुंची बी शिवा ना त्याले!"

ता. ६

खरंच, गावात कापसाची गादी उरलेली नाही. आमच्याही दिवाळीतच विकल्या. घरात एक रजई आहे, गोदाकाकूची. आई गेल्यावर काकूनंच मला वाढवलं. मी तिला नुसती नळाची हकीकत सांगत होतो, रजई मागितली नव्हती. (की मागायची होती, म्हणूनच सांगत बसलो?)

"ने बापा गोवर्धन," ती म्हणाली. "तुह्या इंजनाले थंडी वाजून राहिली तं ने. मले वाकळ हाय, चूल हाय."

माझी बायको सुभद्रा तिथेच डाळ निवडत बसली होती. सूप उचलून ती आत गेली.

ता. ११

काकूची रजई उसवली, नळ गुंडाळून झाला. लाकूड कमी लागतं — चांगलंच कमी! खुशालरावांनी पाठीवर थाप मारली. "राहू द्या तुमचं इंजन." आज फार दिवसांनी पोटभर जेवलो.

संक्रांत

काकूला खोकला. तिळगूळ देताना तिचा हात हाताला लागला. गार.

ता. २०

चूल विझली की काकू राखेत हात घालून बसते. घोंगडी आणली. "टोचते, अन् छातीत ऊब शिरत नाही," म्हणते. वाकळ तर नुसत्या जुन्या लुगड्यांची. सुभद्रा आज बोलली — "नळाची ऊब मोजलीत. म्हातारीची कोण मोजणार?"

खरं आहे. भट्टी, धुराडं, पेटी, नळ — आणि तिथे मी रेघ मारली. रेघेबाहेर जे गार झालं, ते माझ्या तोट्यात आलंच नाही.

ता. २४

नळावरची माती एका जागी उकरली. आतला कापूस करपून तपकिरी झालेला, बोटांत चुरा होतो. परत नेण्यासारखं काही उरलं नाही.

कारखान्यात दिवसभर कापूस अंगावर उडत असतो, केसांत, मिशांत. त्यातला कणही बाहेर जाऊ नये म्हणून संध्याकाळी फाटकावर पहारेकरी ज्याला त्याला म्हणतो, "झटका!" मीही उपरणं झटकतो. आज वाटलं, मूठभर कमरेला खोचावा. खोचला नाही. हा प्रामाणिकपणा, की भित्रेपणा? विकत मागावा, तर सगळा माल मुंबईच्या व्यापाऱ्याला बोललेला. पण विचारून तरी पाहिलं का? नाही. शाबासकी अजून ताजी होती!

ता. २ फेब्रुवारी

काकूला ताप. वैद्य छातीला कान लावून बराच वेळ बसले. नुसतं "ऊब द्या" म्हणाले.

ता. ७

मुंबईची खबर — अमेरिकेतली लढाई मिटणार, भाव उतरू लागले. खुशालराव डोक्याला हात लावून बसले. आणि मला आनंद झाला! भाव पडला तर कारखाना बसेल, नोकरी जाईल, हे कळत होतं. तरी देवासमोर बसून मागितलं — पडू दे. कापूस मातीमोल होऊ दे.

काकूला सांगितलं, नवी रजई करू. तिनं डोळे उघडले नाहीत. "जाड भर. तुह्या नळासारखी."

ता. १४

मुंबईचा व्यापारी माल उचलत नाही. इंजिन बंद. खुशालराव गंजीकडे बोट दाखवून म्हणाले, "न्या मास्तर, लागते तेवढा न्या." उपरण्यात गाठोडं बांधलं. फाटकावर कोणी झटकायला सांगितलं नाही. अंगभर कापूस घेऊन घरी आलो.

दारात सुभद्रा उभी होती. तिनं गाठोडं माझ्या हातातून घेतलं आणि ओसरीवरच ठेवलं. काकू दुपारीच गेली होती.