बुरुल हे गावाचं नाव नाही

आत-बाशी, सोमवार

आदरणीय एमिलबेकदादा,

तुमच्या धाकट्या बहिणीचा नवरा तोक्तोसून छातीवर हात ठेवून सलाम करतो. तुमची प्रकृती, वहिनींची प्रकृती, मुलांचा अभ्यास आणि गुरंढोरं, सगळं धडधाकट असेल अशी आशा आहे. (तुम्ही बिश्केकमध्ये चौथ्या मजल्यावर राहता आणि एका मांजरापलीकडे तुमच्याकडे जनावर नाही हे मला ठाऊक आहे, पण गुरांची चौकशी न करता लिहिलेल्या कागदाला आपल्याकडे पत्र नाही, तक्रारअर्ज म्हणतात.) इकडे आज सकाळी सहाला उणे दोन अंश, वारा पश्चिमेचा, आभाळ आठांपैकी तीन भाग झाकलेलं. हवामान केंद्राच्या वहीत सत्तावीस वर्षं जे लिहीत आलो तेच तुम्हालाही कळवलं, म्हणजे पुढच्या मजकुराबद्दलही शंका राहणार नाही. फोन केला असता, पण फोनवर तुम्ही मला दुसरं वाक्य बोलू देत नाही.

विषय तुमच्या मातोश्रींचा आहे. त्या ठणठणीत आहेत, फक्त माझ्याशी बोलत नाहीत. गेल्या शरदात परदेशातल्या एका प्रदर्शनाच्या बाई आल्या आणि सासूबाईंचा शिरदाक घेऊन गेल्या, तो तांबडा-काळा, मेंढ्याच्या शिंगांच्या नक्षीचा, थापलेल्या लोकरीचा गालिचा, हे तुम्हाला तुमच्या बहिणीनं, जीपारनं कळवलंच असेल. हा त्यांचा शेवटचा. यंदा त्यांना त्र्याहत्तरावं, म्हणजे सहाव्या मुचोलचं वर्ष लागलं. (तुम्ही शहरात मुलांचं वय केकवरच्या मेणबत्त्यांनी मोजता, म्हणून आठवण देतो: मुचोल बारा वर्षांचा, पहिला मात्र पोटातलं वर्ष धरून तेराव्यात पुरा होतो, आणि मुचोलचं वर्ष जोखमीचं म्हणून हातात वागवलेली एखादी वस्तू त्या वर्षी देऊन टाकायची असते.) सासूबाईंनी लोकरीचा नमदा कापायची सुरीच शेजारच्या सुनेला देऊन टाकली. म्हणजे आता पुन्हा शिरदाक नाही. प्रदर्शनाच्या बाईंनी कबूल केलं होतं की भिंतीवर शिरदाकाशेजारी करणारणीचं नाव लागेल. सोव्हिएत काळात, आर्तेलच्या सहकारी कारखान्यात आईंनी केलेल्या प्रत्येक शिरदाकाच्या पाठीवर आर्तेलचा शिक्का बसला, घरी केलेले लेकीसुनांच्या रुखवतात गेले. नाव लागण्याची ही पहिली खेप, आणि शेवटचीही. त्या बाई गेल्यावर आईंनी मला तीनदा विचारलं, "नाव इंग्रजीत कसं दिसतं हो?" मी 'बुरुल' इंग्रजीत लिहून दाखवलं. तो कागद त्यांनी साखरेच्या डब्याखाली ठेवला.

बाईंनी एक इंग्रजी फॉर्म ठेवला होता. तो भरण्याचं काम साहजिकच माझ्याकडे आलं, कारण आत-बाशीत दोन खंडांचा शब्दकोश पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलेला माणूस मीच आहे. (तुमच्याकडे डिप्लोमा आहे, त्याचा मी मान राखतो.) सगळे रकाने एका संध्याकाळी झाले. राहिला एक: हे काम किती काळ करत आहात? आई म्हणाल्या, "पाच मुचोल." मी म्हटलं, साठ वर्षं लिहू का? तर म्हणाल्या, "वर्षं सरकारी कागदाला. त्यांनी तर माझा जन्मसुद्धा दोनदा लिहिलाय, दोन्हीदा चुकीचा. मुचोल लिहा."

त्या एका शब्दात माझे अकरा दिवस गेले. इंग्रजांकडे काळाच्या तुकड्यांना नावं भरपूर, पण बारा वर्षांच्या तुकड्याला एकही नाही, ही त्यांची अडचण. ती माझ्या गळ्यात पडली. पिरियड पाहिला, तर तो शाळेत पंचेचाळीस मिनिटांत संपतो. टर्म पाहिली, तर ती कैदी भोगतात किंवा अध्यक्ष, आणि आईंनी दोन्ही केलेलं नाही. ईरा म्हणजे एखाद्या राजवटीचा काळ. आपल्या आई म्हणजे राजवट नव्हे (जीपारच्या नवऱ्याचं मत वेगळं आहे, पण फॉर्मवर खाजगी मतं लिहू नयेत). मग एपॉक सापडला. शब्दकोश स्पष्ट सांगतो: एखाद्या लक्षणीय घटनेपासून सुरू होणारा कालखंड. दादा, मुचोल दुसऱ्या कशापासून सुरू होतो? माणूस हातातली वस्तू सोडतो आणि नवा मुचोल लागतो. इतका चपखल शब्द मला जन्मात सापडला नव्हता. जीपार पीठ मळता मळता म्हणाली, "अहो, सात अंश असेल तर वहीत सातच लिहिता ना? मग साठच्या जागी साठ लिहायला हाताला काय झालंय?" मी तिला म्हटलं, तापमान वेगळं आणि माणूस वेगळा. ती म्हणाली, "ते तर बघतेच आहे. तापमान ऐकतं तरी." मी "पाच एपॉक" असं स्वच्छ अक्षरात लिहून फॉर्म धाडला.

परवा उत्तर आलं, सोबत भिंतीवरच्या पाटीचा कच्चा नमुना. अतिशय नम्र उत्तर आहे. त्यांच्या जाणकारांनी विचार केला म्हणे की पाच एपॉक, म्हणजे त्यांच्या लेखी पाच युगं, कुठलाही माणूस काम करू शकत नाही (हे त्यांचं म्हणणं, शब्दाची बाजू सोडून पाहिलं तर, खोटं नाही), तेव्हा फॉर्मवरचं बुरुल हे माणसाचं नाव नसून जागेचं असावं. त्यामुळे पाटीवर आलं आहे: कारागीर अज्ञात. परंपरा अतिप्राचीन. स्थळ: बुरुल.

हे आईंना मीच वाचून दाखवलं. दुसऱ्या कुणाकडून कळलं असतं तर बरं दिसलं नसतं. त्या चहा पीत होत्या, पुढ्यात तळलेले बोरसोक आणि साय. त्यांनी विचारलं, "माझं नाव कुठाय?" मी 'स्थळ'च्या पुढे बोट ठेवलं. त्यांनी माझं बोट बाजूला सारून खालची अक्षरं निरखली. मग म्हणाल्या, "म्हणजे मी गाव झाले. बरं, जावईबापू, वस्ती किती आहे म्हणे माझी? मशीद आहे का? की नुसतीच धूळ?" जीपार हसली. मीही हसणार होतो, पण तेवढ्यात त्यांनी चहाची वाटी उपडी ठेवली आणि भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या, "आर्तेलवाले बरे होते. शिक्का मारायचे, पण त्याच्याखाली मी आहे हे त्यांना ठाऊक तरी असायचं." त्यानंतर त्या माझ्याशी बोललेल्या नाहीत. मीठ हवं असलं तरी जीपारला सांगतात, आणि मिठाचं भांडं माझ्या हाताशी असतं.

मी चुकलो असं मी म्हणत नाही. शब्दकोश पुन्हा तपासला. एपॉकचा अर्थ तिथे तोच आहे. तुम्ही कॉलेजात शिकवता, तुम्हीही तपासून पाहा. हे सगळं फक्त तुमच्या कानावर घालावं म्हणून लिहिलं. वहिनींना आणि मुलांना आशीर्वाद, मांजरालाही.

आपला,
तोक्तोसून

ता. क. पाट्या येत्या बुधवारी छापायला जाणार आहेत. हे पत्र घेऊन निघालेला टॅक्सीवाला आज दुपारपर्यंत तुमच्या दारात पोचेल. तुम्ही त्या प्रदर्शनवाल्यांना लगेच, तुमच्या त्या कॉलेजच्या साध्या इंग्रजीत कळवावं, की बुरुल ही एक बाई आहे, जिवंत आहे, आणि शिरदाक तिनं स्वतः केला आहे. त्यांचा ईमेलचा पत्ता मागच्या बाजूला लिहिला आहे.

ता. क. काळाच्या रकान्याचं आईंना जीपारमार्फत विचारलं. निरोप आला: "वर्षं तर वर्षं. साठ लिहा. मी गाव नाही एवढं त्यांना कळलं म्हणजे झालं."

ता. क. पत्र तुम्ही लिहा, पण खाली सही माझ्या नावाची असावी. फॉर्म मी भरला, तेव्हा दुरुस्तीही माझ्याकडूनच गेलेली बरी दिसेल.

ता. क. टॅक्सीवाला हॉर्न वाजवतो आहे. सही तुमचीच करा, आणि त्याखाली तुमचा डिप्लोमाही लिहा. माझं नाव दिसलं तर ते पुन्हा विचार करत बसतील आणि बुधवार निघून जाईल.